हजेरीत नसलेला तांडेल

दम्मामच्या एका इंडियन स्कूलमध्ये एकतीस वर्षं इतिहास शिकवून हुसेनमियाँ बुरोंडकर साठीला निवृत्त झाले, तेव्हा त्यांना एक शाल, एक भिंतीवरचं घड्याळ आणि पासपोर्टावर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं देश सोडायचा शिक्का, मिळाला. गुरुवारचं मुंबईचं विमान होतं. एकदा त्या विमानात बसलं की सुटलो, असं ते मनाशी दिवसातून दहादा म्हणत. लोकांना वाटे, सरांना गावची ओढ लागलीय. ओढ होतीच. पण सुटायचं होतं ते दुसऱ्याच गोष्टीतून, आणि ती गोष्ट लपवून ठेवून ही कहाणी सांगता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी ते शाळेच्या सात नंबरच्या बसचे इन्चार्ज होते. मुलं उतरली की इन्चार्जनं शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, वाकून बघायचं आणि रजिस्टरमध्ये सही करायची, असा नियम होता. नियम चांगला. त्याचं शिक्षकांनी काय करून ठेवलं होतं ते शिक्षकांनाच ठाऊक. रविवारी आठवडा सुरू झाला की सगळेजण गुरुवारपर्यंतच्या पाची सह्या एकदम ठोकून मोकळे होत. हुसेनमियाँ या बाबतीत तर इतके शिस्तीचे की पाच सह्यांना दोन-तीन वेगवेगळी पेनं वापरत.

सप्टेंबरातला तो मंगळवार होता. दहावीची चाचणी होती आणि प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा त्यांच्या काखेत होता. ड्रायव्हर रणजित, सांगलीकडचा तिशीतला गडी, खाली उतरता उतरता म्हणाला, "सर, मागं बघून येऊ का?" हुसेनमियाँ म्हणाले, "बघितलंय मी. घे गाडी." त्यांनी बघितलं नव्हतं. रणजितनं बस शाळेमागच्या उघड्या मैदानात नेऊन उभी केली, दारं लावली आणि तो नाश्त्याला गेला. शेवटच्या सीटवर केजीतली इफरा झोपली होती. पाच वर्षांची. वर्गात तिची गैरहजेरी लागली, घरी कुणी फोन केला नाही, आणि दुपारी एक वाजता बसचं दार उघडलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चौकशीत हुसेनमियाँ बोलून गेले, "मी ड्रायव्हरला मागं बघायला सांगितलं होतं." असं बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. ते तोंडातून आलं, आणि आल्यावर परत घेता आलं नाही. रजिस्टरमध्ये बुधवार-गुरुवारच्या सह्याही आधीच झालेल्या होत्या, त्यामुळे ते रजिस्टर त्याच दुपारी ऑफिसातून नाहीसं झालं. राहिला एका वयस्क मास्तराचा शब्द आणि एका ड्रायव्हरचा शब्द. कुणाचा धरला गेला हे सांगायला नको.

रणजित तुरुंगात गेला. सरकारच्या हक्काची शिक्षा त्यानं गेल्या रमजानपर्यंत भोगून संपवली. आता उरला होता मुलीच्या घरच्यांचा हक्क. त्यांनी माफीच्या कागदावर, इथल्या भाषेत तनाझुलवर, सही केली की तो सुटणार होता. ती सही इफराची आई रुमाना करत नव्हती. नवरा जुबैलला शिफ्टमध्ये, शुक्रवारचा तेवढा घरी. त्यानं सगळं तिच्यावर सोडलं होतं.

रुमाना हुसेनमियाँच्याच गावची, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या सुरवंडीची. दोन वर्षं दर शनिवारी हुसेनमियाँ तिच्या घरी जात आणि तिची थोरली मुलगी अरवा हिला गणित आणि इंग्रजी शिकवत. फुकट. अरवा इंग्रजीत उत्तरं देई, ते मराठीत समजावत, आणि रुमाना चहा-नानखटाई आणून ठेवी. असा माणूस पाहिला नाही, म्हणे. सगळी सुरवंडी म्हणे. मागे एकदा रणजितच्या बायकोचा सांगलीहून फोन आला तेव्हा रुमानानं न बोलताच तो ठेवला, आणि हुसेनमियाँना विचारलं की सर, मी सही करू का. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, तुमच्या मनाला पटेल ते करा. बसच्या दारातल्या खोट्यापेक्षा हे खोटं त्यांना जास्त छळत असे, कारण हे अगदी विचार करून बोललेलं होतं.

मधल्या काळात जनरल त्यांच्या आयुष्यात आला.

सुरवंडीच्या लोकांना जनरल कोण हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगायचं तर मोहिद्दीनखान हा किनाऱ्यावरच्या एका लहानशा संस्थानाच्या फौजेचा सरसेनापती. फौज कितीशी, तर साताठशे माणसांची, पण किताब जनरलचा. अठराशे साठाच्या आसपास त्यानं तलवार खुंटीला लावली आणि गावात शाळा काढली. स्वतः शिकवायला बसला. हिशेब, फारसी, मराठी, नकाशे. पुढे मुलींनाही बसवलं, त्यावरून गावानं वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं तरी हटला नाही. ती शाळा आजही चालू आहे. आणि जनरलनं घालून दिलेला एक रिवाजही चालू आहे: रोज सकाळी हजेरीच्या आधी अकरा नावं पुकारायची आणि सगळ्या मुलांनी उभं राहून एका सुरात "हाजिर" म्हणायचं. शाळेत आलेली पहिली अकरा मुलं ती, असं गावाला माहीत. त्या अकरांच्या घराण्यांना सुरवंडीत मान आहे. सोयरिकी जमवताना अजून विचारतात, अकरांतले का? दम्मामला सुरवंडीकरांच्या जमातीचा वार्षिक मेळावा होतो तिथंही ही नावं पुकारली जातात, आणि त्या त्या घराण्यातला वडीलधारा उठून हाजिरी देतो. पाचवं नाव दाऊद. त्याला हुसेनमियाँ उठत. एकतीस वर्षं छाती काढून उठत आले होते.

जमातीचे अध्यक्ष हम्मादशेठ, गाड्यांच्या सुट्या भागांचे व्यापारी, मोठ्या मनाचा माणूस. जनरलच्या घरातून एक जुनी वही त्यांच्या हाती लागली होती. शिकस्ता लिपीत लिहिलेली, म्हणजे फारसी अक्षरांची ती घाईची वळणं, जी आता फार थोड्यांना लागतात. हुसेनमियाँचे आजोबा काझी होते, त्यामुळे त्यांना ती लागत. हम्मादशेठनी वही त्यांच्याकडे दिली आणि सांगितलं की जनरलसाहेबांचं चरित्र लिहा, मेळाव्याला छापून वाटू. आणि गावी गेल्यावर शाळेचे हेडमास्तर तुम्हीच. शाळेमागच्या दोन खोल्या राहायला. इथं पेन्शन नाही, हे शेठना माहीत होतं. हुसेनमियाँना तर पाठच होतं. त्यांची बायको जोहरा दोन महिने आधीच गावी जाऊन त्या खोल्यांना रंग लावून बसली होती.

चरित्राचा पहिला अर्धा भाग झरझर झाला. लढाया, खलिते, घोडे. मग वहीत अठराशे अठ्ठावन्नचा मे महिना आला.

बंडाचे दिवस. कुणीतरी खबर दिली की सुरवंडीच्या खाडीतून बंडवाल्यांना दारूगोळा जातो आणि गलबतांवर काम करणारी पोरं तो पोचवतात. जनरलनं अकरा पोरं धरून आणली. बारा ते सोळा वर्षांची. कबूल करेनात म्हणून त्यांना खलाशांचा म्होरक्या आदम तांडेल, त्याच्या गलबतात, पोटातल्या कोठीत उतरवलं आणि वरचं झाकण लावायला लावलं. घटकाभर घाबरू देत, मग बोलतील. आदम तांडेल म्हणाला, हुजूर, आत वारा नाही, एवढ्या उन्हात झाकण उघडं ठेवू का. जनरल म्हणाला, मी सांगेन तेव्हा उघड. मग तो जेवला. जेवण जड झालं. डोळा लागला. दिवस कलताना झाकण काढलं तेव्हा आतून एकही बाहेर आला नाही.

हुसेनमियाँनी वही मिटली आणि उठून एसी बंद केला. का केला ते त्यांनाही कळलं नाही. घामानं भिजेपर्यंत ते खोलीत बसून राहिले, मग पुन्हा वही उघडली. पाचवं नाव दाऊद. वय तेरा. ज्या दाऊदचे आपण वंशज म्हणून ते उठत आले होते त्याला वंश नव्हताच. आपण त्याच्या धाकट्या भावाच्या वंशातले असू. अकराही घराण्यांची हीच गत. मेलेल्या लेकरांची नावं आई-बापांनी ऐकावीत म्हणून जनरल रोज पुकारत होता. ऐकणारे गेले, नावं राहिली, आणि दीडशे वर्षांत सुरवंडीनं त्यांचे सरदार करून टाकले.

इथवर असतं तरी हुसेनमियाँनी कसंतरी पचवलं असतं. जनरलबद्दल त्यांना उलट मायाच वाटली असती. चुकला, पण उरलेला जन्म पोरांना शिकवण्यात घातला, रोज नावं घेतली, झाकलं नाही. माणसानं आणखी काय करावं? असं म्हणून स्वतःच्याही पाठीवरून हात फिरवता आला असता, आणि खरं सांगायचं तर चार दिवस त्यांनी फिरवलाही. मग वहीची शेवटची पानं आली. वाकड्यातिकड्या अक्षरातली, अठराशे एक्याऐंशीची.

"अकरा नावं मी वीस वर्षं रोज घेतली," जनरलनं लिहिलं होतं. "बारावं एकदाही घेतलं नाही. दरबारात मी सांगितलं की झाकण उघडायचा हुकूम मी दिला होता, तांडेलानं ऐकला नाही. आदमला तिसऱ्या दिवशी खाडीवर फाशी दिली. त्याची बायको माझ्या शाळेचं अंगण झाडत असे. त्याचा मुलगा मी फुकट शिकवला, हुशार निघाला, माझ्या पाया पडतो. त्या घराला मी सगळं दिलं. एक वाक्य दिलं नाही. ही शाळा मी अकरांसाठी काढली असं लोक म्हणतात. मी ती या एका वाक्याच्या बदल्यात काढली, आणि अशी अदलाबदल होत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

पुढे कोरी पानं होती.

हुसेनमियाँ वही घेऊन हम्मादशेठकडे गेले. दुकानात दुपारच्या नमाजानंतरची शांतता होती. शेठनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा डोळे पुसले, कारण तिसरं नाव त्यांच्या घराण्यातलं होतं. मग बराच वेळ ते टेबलावरचा कॅल्क्युलेटर इकडून तिकडे सरकवत राहिले.

"सर, हे गाळा," ते शेवटी म्हणाले. "तांडेलाच्या घरचं आता गावात कोण नाय. अकरांची घरं मात्र हायत. आज दोनशे पोरं त्या शाळेत शिकतात, त्यांच्या हातात काय द्याल तुमी? झाकण उघडं राहिलं असतं तर शाळाच झाली नसती."

हुसेनमियाँ घाबरले ते या शेवटच्या वाक्याला. कारण तसंच एक वाक्य त्यांनी स्वतःसाठी केव्हाचं तयार ठेवलं होतं: मी कबूल केलं असतं तर अरवाला कोण शिकवणार होतं? शेठ वाईट माणूस नव्हता, म्हणून तर ते जास्त भयंकर वाटलं. वही वाचू शकणारा तिथं दुसरा कुणी नव्हता. गाळलं तर गाळलं, कुणाला कधी कळणार नव्हतं. जनरललाही कुणी विचारलं नव्हतं. पण तांडेलाचं घर बुडालेलं होतं आणि रणजितचं अजून बुडायचं होतं. रणजित दहा किलोमीटरवर जिवंत बसला होता. फरक तेवढाच, आणि तेवढा फरक हुसेनमियाँना गुरुवारच्या विमानात बसू देईना.

त्यांनी जोहराला फोन केला. दोन वर्षं तिला जे सांगितलं नव्हतं ते, आणि आता कबुली द्यायला जातोय हेही, पाच मिनिटांत सांगितलं. मग तिनं विचारलं की किती वर्षं ठेवतील. माहीत नाही, म्हणाले. या वयात तुमच्या औषधांचं काय, तिनं विचारलं. तेही माहीत नव्हतं. "मी इकडं रंग लावत बसले," एवढं बोलून ती रडायला लागली, आणि जाऊ नका असं मात्र म्हणाली नाही. ती म्हणेल अशी त्यांची फार इच्छा होती.

शुक्रवारी दुपारी ते रुमानाकडे गेले. नेहमीचा वार नव्हता, म्हणून तिला वाटलं, निरोप घ्यायला आलेत. नवरा आतल्या खोलीत झोपला होता. अरवा वही घेऊन आली, तिला त्यांनी आत जायला सांगितलं. रुमाना चहा टाकायला निघाली, तिला म्हणाले, चहा नको, बसा.

"इफराच्या दिवशी रणजितनं मला विचारलं होतं, मागं बघून येऊ का. मी सांगितलं, मी बघितलंय. मी बघितलं नव्हतं. आणि नंतर त्याच्यावर ढकललं."

एवढं बोलायला त्यांनी रात्री अंथरुणात, जिन्यात, टॅक्सीत सराव केला होता. बोलून झाल्यावर पुढचं काही तयार नव्हतं. रुमाना ओरडली नाही. अंगावर धावून आली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"कितीक वेळ लागतो सर, बसमध्ये मागंपर्यंत जाऊन यायला?"

"पाऊण मिनिट."

"आणि मला म्हणालात ना तुमी, चहा पिताना. मनाला पटेल ते करा. मी त्या बाईचा फोन ठेवला. तिला दोन लहान पोरं हायत. मी रोज नमाजानंतर रणजितला शाप दिला, दोन वर्षं. ते कुठं गेले आता? ते मी परत कसे घेऊ?"

रुमाना उठली, आत गेली आणि नवऱ्याला जागं केलं. आतून बोलण्याचा आवाज आला, मग काहीतरी जमिनीवर आपटल्याचा. हुसेनमियाँ दाराकडे पाठ करून बसून राहिले. नवरा बाहेर आला तेव्हा मारेल म्हणून त्यांनी खांदे आवळून घेतले. त्यानं मारलं नाही. गाडीची किल्ली उचलली आणि दोघांना म्हणाला, चला.

पोलीस ठाण्यातला अधिकारी तरुण होता. शुक्रवारची ड्यूटी, म्हणून आधीच वैतागलेला. दुभाषा बिहारचा, हिंदीत बोलणारा. हुसेनमियाँनी सगळं सांगितलं, तारखांसकट, सह्यांसकट. अधिकाऱ्यानं पासपोर्ट चाळला, फायनल एक्झिट पाहिला, गुरुवारचं तिकीट पाहिलं, आणि दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाषा म्हणाला, साहेब विचारतायत, सहा दिवसांत तुम्ही निघून गेला असता, मग आलात कशाला? हुसेनमियाँनी जनरलचं सांगायचा प्रयत्न केला. अकरा पोरं, गलबत, तांडेल. दुभाष्याला त्यातलं काही कळलं नाही, त्यानं अरबीत दोनच शब्द सांगितले आणि अधिकाऱ्यानं मान हलवली. म्हातारा आहे, असं काहीतरी तो बोलला असावा.

जबाब लिहून व्हायला तीन तास गेले. वरून फोन झाले, जुनी फाईल मागवली गेली. मग अधिकाऱ्यानं रुमानाकडे पाहून पहिल्यांदाच मऊ आवाजात काही सांगितलं. दुभाषा ते उलगडून सांगू लागला. ड्रायव्हरसाठीचा तनाझुल बाई आजच लिहून देऊ शकतात, कोर्टातून मंजूर होऊन तो काही दिवसांत सुटेल. आणि बाईंची इच्छा असली तर या सरांसाठीही लिहून देता येईल. वय झालंय, स्वतःहून आलेत. घरच्यांनी माफ केलं तर सरकारही फार ताणत नाही. गुरुवारचं विमान चुकेल, पण महिन्या-दोन महिन्यांत घरी जातील.

टेबलावर दोन कागद आले. दोन्ही अरबीत, दोन्ही सारखेच दिसणारे. रुमानानं दुभाष्याला विचारलं, यातला रणजितचा कुठला. त्यानं बोट ठेवलं. तिनं सही केली, नवऱ्यानं केली, दोघांनी अंगठेही दिले. मग तिनं रुमालानं अंगठ्याची शाई पुसली, अगदी नखाच्या कडेपर्यंत.

"दुसरा?" दुभाषा म्हणाला.

रुमानानं तो कागद हातात घेतला आणि पाहत राहिली. हुसेनमियाँ तिच्या हाताकडे पाहत होते. दोन वर्षं अरवाला शिकवलेलं, दर शनिवारी जिने चढून गेलेलं, आजचं आपण होऊन येणं, सगळं त्यांच्या मनात रांगेनं येऊन उभं राहिलं. आणि त्यांना लाज वाटली, कारण त्यांना कळलं की ही बाई सही करेल या आशेवरच आपण इथवर चालत आलो.

रुमानानं कागद होता तिथं ठेवला.

"यांनी अरवाला चांगलं शिकवलं," ती दुभाष्याला हिंदीत म्हणाली. "ते लिहायचं असेल तर लिहा. सही मी नाही करणार."

ती आणि नवरा उठून गेले. अधिकाऱ्यानं सहीची जागा कोरी राहिलेला कागद फाईलमध्ये घातला, पासपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला आणि घड्याळ, पट्टा, मोबाईल टेबलावर काढून ठेवायला सांगितलं. हुसेनमियाँनी एकेक करून सगळं काढून ठेवलं.